सेलफिश खरोखर ताशी ११० किलोमीटर वेगाने पोहतो का, आणि त्याच्या चोचीचा उपयोग काय?

प्रश्न: डिचोलीकर मास्तर

नमस्कार. आमच्या आठवीच्या वर्गाने यंदाच्या विज्ञान प्रकल्पासाठी सेलफिश हा मासा निवडला आहे. पाठीवर उंच शीड आणि पुढे लांब चोच असलेला हा मासा मुलांना चित्रातूनच इतका आवडला की दुसऱ्या विषयाचा विचार करायला कोणी तयार झाले नाही. माहिती जमवताना मात्र आम्ही एका ठिकाणी अडलो आहोत. जिथे पाहावे तिथे ‘जगातील सर्वांत वेगवान मासा, वेग ताशी ११० किलोमीटर’ हे वाक्य आढळते. पण हा वेग कोणी मोजला, कोठे मोजला आणि कशाने मोजला, याबद्दल कोणीही एक ओळ लिहिलेली नाही. वर्गातील एका मुलीने विचारले की, देवळाच्या तळीत नुसता हात जोरात फिरवला तरी पाणी अडवते, मग एवढ्या मोठ्या माशाला ते का अडवत नाही? तिला आकड्यांसह उत्तर मिळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणखीही काही शंका आहेत. हा मासा चोचीने भक्ष्याला भोसकतो, असे एका पुस्तकात दिले आहे, तर दुसऱ्यात तो चोच काठीप्रमाणे फिरवतो असे म्हटले आहे. यांपैकी खरे काय? एवढे मोठे शीड पाण्यात उभे असेल तर त्याचा वेग उलट कमीच व्हायला हवा, मग ते आहे कशासाठी? आणि शेवटचे म्हणजे, हा मासा आपल्या गोव्याच्या समुद्रात मिळतो का? मुलांना प्रत्यक्ष काही दाखवता आले तर प्रकल्पाला अर्थ येईल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: मांडवीकाठ

सर, त्या मुलीचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते. मी सागरी जीवशास्त्र शिकले आहे आणि या विषयावर गेल्या काही वर्षांत झालेले संशोधन आवडीने वाचत आले आहे.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे. पोहणाऱ्या माशाला होणारा पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो विरोध मोडून पुढे जायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मुलांना हे गणित फळ्यावर करायला सांगा. एखादा मासा ताशी ३० किलोमीटरने पोहत असेल आणि त्याला ताशी ११० किलोमीटर गाठायचे असेल, तर वेग साडेतीन पटींहून थोडा अधिक वाढवावा लागतो. पण शक्ती मात्र जवळजवळ ५० पट लागते. शरीर तेच, स्नायू तेवढेच, आणि शक्ती ५० पट. शरीराचा आकार कितीही सुबक असला तरी एवढी तफावत भरून निघत नाही.

आता ११० हा आकडा आला कोठून, ते सांगते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात लाँग की येथे हौशी मासेमारांचा एक तळ होता. तेथे गळाला लागलेल्या एका सेलफिशने तीन सेकंदांत ९१ मीटर दोरी रिळावरून ओढून नेली, अशी नोंद झाली. ९१ ला ३ ने भागले की सेकंदाला ३० मीटर येतात, आणि त्याचेच ताशी १०९ ते ११० किलोमीटर होतात. जगभरच्या पुस्तकांत फिरणाऱ्या वाक्याचा मूळ आधार एवढाच आहे. रिळावरून सुटलेली दोरी म्हणजे माशाने पाण्यात कापलेले अंतर नव्हे, हे येथे लक्षात घ्यायला हवे. गळाला लागलेला सेलफिश पाण्याबाहेर उंच उड्या मारतो आणि त्या वेळी तो पाण्यातून नव्हे तर हवेतून जात असतो. होडी उलट दिशेला सरकत असेल तर तिचेही अंतर त्यातच धरले जाते. शिवाय तीन सेकंदांसारखा अल्प काळ हाताने मोजताना थोडीशी चूक झाली तरी उत्तर खूप बदलते.

या आकड्याची नीट तपासणी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात झाली. त्यामागची कल्पना इतकी साधी आहे की ती आठवीच्या मुलांना सहज कळेल. मासा शेपटीच्या प्रत्येक पूर्ण फटक्याला स्वतःच्या लांबीच्या ठरावीक हिश्शाइतका पुढे जातो. शेपूट किती जलद हलू शकेल, हे अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या स्नायूंना आकुंचन पावायला किती वेळ लागतो यावर ठरते, कारण एका पूर्ण फटक्यासाठी आधी एका बाजूचा आणि मग दुसऱ्या बाजूचा स्नायू आखडावा लागतो. म्हणजे आकुंचनाचा सर्वांत कमी वेळ मोजला की शेपटीच्या फटक्यांची कमाल गती मिळते, आणि तिला एका फटक्यातील अंतराने गुणले की माशाचा कमाल वेग मिळतो. ही पद्धत वार्डल या शास्त्रज्ञाने १९७५ मध्येच मांडली होती. २०१६ च्या अभ्यासात ताज्या पकडलेल्या माशांच्या स्नायूंना विजेचा सौम्य झटका देऊन आकुंचनाचा वेळ मोजण्यात आला. सेलफिशचा कमाल वेग सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३० किलोमीटर निघाला. त्याच अभ्यासात बाराकुडाचा वेग सेकंदाला ६.२ मीटर, ट्यूनाच्या एका लहान जातीचा ५.६ मीटर आणि माही-माहीचा ४ मीटर निघाला. तेव्हा या चौघांत सेलफिशच पहिला आला, ही गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्याचा मान कोठेही कमी होत नाही.

त्याआधी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रत्यक्ष शिकार करणाऱ्या सेलफिशांचे जलदगती चित्रण करून आणि माशाच्या अंगावर प्रवेगमापक बसवूनही वेग पाहिला गेला, आणि तेथेही तो साधारण याच टप्प्यात आढळला. स्नायूंवरून काढलेले उत्तर आणि समुद्रात डोळ्यांदेखत दिसलेले उत्तर एकमेकांशी जुळते, हे मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उत्तर: शापोरा जेटी

मास्तर, नमस्कार. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत आहे. वेगाविषयी मांडवीकाठ ताईंनी लिहिलेच आहे. मी मासा हातात घेतल्यावर काय दिसते तेवढे सांगतो, कारण मुलांना चित्र काढताना त्याचा उपयोग होईल.

सुरमईसाठी सोडलेल्या गळाला कधीतरी सेलफिश लागतो. आमच्याकडे तो रोजच्या मासळीतला नव्हे, त्यामुळे जेटीवर आला की माणसे थांबून पाहतात. त्याची चोच म्हणजे पुढे वाढलेला वरचा जबडा असतो. खालचा जबडा त्याच्या निम्म्याहूनही आखूड असतो. चोचीवर हात फिरवला तर ती कानशीसारखी खरखरीत लागते, कारण तिच्यावर बारीक दातांसारखे टोकदार कण असतात. तिचा काप गोल असतो, तर तलवारमाशाची चोच चपटी आणि कडेला धारदार असते. पुष्कळ चित्रांत या दोघांची गल्लत केलेली असते, ती मुलांनी टाळावी. तलवारमाशाला पाठीवर असे शीडही नसते आणि पोटाखालचे पर तर मुळीच नसतात. सेलफिशला मात्र पोटाखाली दोन लांब, दोरीसारखे बारीक पर असतात आणि ते मिटून बसावेत म्हणून पोटावर एक खोबण असते.

तशीच खोबण पाठीवरही असते. शीड उघडले की त्याची उंची माशाच्या अंगाच्या जाडीपेक्षा जास्त भरते, आणि मिटले की ते जवळजवळ पूर्ण त्या खोबणीत जाते आणि पाठ गुळगुळीत होते. तेव्हा शीड वेगाला आड येईल ही आपली शंका बरोबर आहे, आणि मासाही जोरात जाताना ते मिटूनच घेतो. शेपूट कोयत्यासारखी वळलेली आणि ताठ असते. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन आडवे कंगोरे असतात. बोट फिरवले की ते स्पष्ट लागतात. फटका मारताना त्या बारीक जागेवर सगळा ताण येतो, आणि कंगोऱ्यांमुळे तेथे बळकटी येते, शिवाय पाणीही नीट कापले जाते.

रंगाविषयीही लिहायला हवे. पाण्याजवळ असताना त्याच्या अंगावर निळ्या रंगाचे पट्टे लखलखताना दिसतात, शीड गडद निळे आणि त्यावर काळसर ठिपके असतात. पण मासा मेला की थोड्याच वेळात हे सारे उतरते आणि अंग करड्या-तपकिरी रंगाचे होते. बाजारातल्या मेलेल्या माशावरून चित्र रंगवले तर ते चुकीचे होईल, म्हणून रंगांसाठी जिवंत माशाचे छायाचित्रच समोर ठेवावे.

पुन्हा प्रश्न: डिचोलीकर मास्तर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. वेगाचे गणित आज वर्गात केले आणि मुलांनी ते आनंदाने सोडवले. मात्र त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. सेलफिश ताशी ३० किलोमीटरनेच पोहत असेल आणि समोर तारल्यांसारखी चपळ, क्षणात वळणारी मासळी असेल, तर त्याला ती पकडता येते कशी? लहान मासा वळायला मोठ्यापेक्षा नेहमीच सरस असणार.

उत्तर: मांडवीकाठ

सर, सेलफिशविषयी जाणून घेण्यासारखी खरी गोष्ट याच प्रश्नाच्या उत्तरात आहे, म्हणून थोडे लांबवून लिहिते.

लहान मासा वळण्यात सरस असतो हे खरेच. तारल्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्यातील हालचाल टिपणारी संवेदनरेषा असते. मोठे अंग जवळ आले की पाण्याला बसणारा धक्का तिला कळतो आणि काही सहस्रांश सेकंदांत मासा अंग वाकवून बाजूला झेपावतो. थव्यात तर एकाची दचक शेजाऱ्याला आणि शेजाऱ्याची पुढच्याला पोचते, आणि शिकारी पोचेपर्यंत ती जागा रिकामी झालेली असते. अशा थव्यावर नुसत्या वेगाने तुटून पडणाऱ्या माशाच्या तोंडी फारसे काही लागत नाही.

मेक्सिकोच्या कानकूनजवळील समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस सार्डिनेला ऑरिटा जातीच्या माशांचे थवे येतात आणि त्यांच्यामागे सेलफिशही येतात. ही जात आपल्या तारल्यांच्याच कुळातली आहे. आपली तारली म्हणजे सार्डिनेला लाँजिसेप्स. संशोधकांनी तेथे पाण्यात उतरून जलदगती कॅमेऱ्यांनी शिकारीचे चित्रण केले आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात दिसलेले दृश्य असे आहे. सेलफिश मागून हळूहळू थव्याजवळ येतो. जवळ आल्यावर शीड पूर्ण उभारतो आणि पोटाखालचे लांब परही उघडतो. मग तो चोच थव्यात घालतो, अगदी माशांच्या मध्ये, आणि तरीही मासे दचकत नाहीत. चोच इतकी बारीक असते की तिच्यामुळे पाणी फारसे हलत नाही, आणि मागचे मोठे अंग अजून थव्यापासून दूर असते. माशांच्या दृष्टीने शिकारी अद्याप पोचलेला नसतो. प्रत्यक्षात त्याचे हत्यार त्यांच्यात येऊन ठेपलेले असते.

त्यानंतर तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो डोके झटकन आडवे फिरवतो आणि चोच थव्यातून सपकन जाते. वाटेत येणाऱ्या अनेक माशांना ती लागते, खवले उडतात, कातडी सोलली जाते. किंवा तो एकाच माशाला चोचीच्या टोकाने लहानसा धक्का देतो, त्याचा तोल जातो, आणि पुढच्याच क्षणी त्याला तोंडात घेतो. डोके थोडेसेच फिरते, पण चोच लांब असल्यामुळे तिचे टोक फार मोठ्या वेगाने फिरते. जलचर पृष्ठवंशीय प्राण्यांत मोजल्या गेलेल्या सर्वाधिक प्रवेगांमध्ये या हालचालीची गणना होते. तारलीला ते चुकवण्याइतका अवधी मिळत नाही. म्हणजे ‘वेगवान मासा’ हे वर्णन टाकून देण्याची गरज नाही, फक्त तो वेग शेपटीपेक्षा चोचीच्या टोकाशी अधिक आहे असे मुलांना सांगावे. भोसकण्याविषयीच्या पुस्तकातील विधानाला मात्र या चित्रणात आधार मिळत नाही.

शिडाचेही उत्तर येथेच मिळते. डोके एका बाजूला झटक्याने फिरवले की बाकीचे अंग उलट बाजूला वळू पाहते. उभारलेले शीड आणि उघडलेले पोटाचे पर त्या वळण्याला अडवतात, त्यामुळे अंग जागच्या जागी स्थिर राहते आणि सगळा जोर चोचीत जातो. वेगाने पाठलाग करताना मिटलेले आणि फटका मारताना उभारलेले, अशी शिडाची दोन वेगळी कामे आहेत.

आता यातला जो भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो, तो सांगते. सेलफिश बहुतेकदा गटाने शिकार करतात, पण सगळे एकदम तुटून पडत नाहीत. ते थव्याभोवती फिरत राहतात, त्याला पृष्ठभागाकडे रेटतात, आणि मग एक मासा पुढे होऊन वार करतो, बाजूला होतो, त्यानंतर दुसरा येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की अशा हल्ल्यांपैकी केवळ २४ टक्के हल्ल्यांत मासा हाती लागतो. मात्र ९५ टक्के हल्ल्यांत एकापेक्षा अधिक मासे जखमी होतात. म्हणजे ज्याचा वार रिकामा गेला असे वाटते, त्यानेही थव्यात जखमी माशांची भर घातलेली असते. जखमी मासे मंदावतात, मागे पडतात, आणि हल्ले वाढत जातात तसा पुढचा मासा पकडायला लागणारा वेळ कमी होत जातो. एकाच्या वाराचा लाभ नंतर येणाऱ्याला मिळतो. संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून दाखवले की सुमारे ७० माशांपर्यंतच्या गटात अशा शिकारीचा प्रत्येकाला फायदा होतो.

येथे एक काळजी घ्यावी, असे मी सुचवते. हे वर्तन वाचून मुले लगेच ‘सेलफिश एकमेकांना मदत करतात’ असे लिहितील. संशोधकांनी याला सहकार्याची केवळ प्राथमिक पायरी म्हटले आहे. कोणी कोणाला इशारा देतो, कामे वाटून घेतो किंवा शिकार वाटून खातो, असे तेथे दिसलेले नाही. प्रत्येक मासा स्वतःसाठीच वार करतो. दोघांनी एकाच वेळी चोची फिरवल्या तर एकमेकांना इजा होण्याचा धोका आहे, आणि एकामागून एक गेल्याने सर्वांचाच लाभ होतो. एवढ्यावरून इतकी सुसूत्र शिकार उभी राहते, हे मला मैत्रीच्या गोष्टीपेक्षा जास्त विचार करायला लावणारे वाटते.

२०१७ मध्ये याच संशोधकांच्या गटाने आणखी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. काही सेलफिश जास्त करून डाव्या बाजूला फटका मारतात, काही उजव्या. चोचीवरील ज्या बारीक दातांचा उल्लेख शापोरा जेटी यांनी केला, तेच या बाबतीत कामी आले. ज्या बाजूचा वापर अधिक होतो त्या बाजूचे दात अधिक झिजलेले आढळले. ज्यांचा एका बाजूकडे कल अधिक पक्का होता, त्यांना शिकारीत यशही अधिक मिळत होते. एकटा मासा नेहमी एकाच बाजूने वार करू लागला तर भक्ष्य सावध होईल. पण गटात डावे आणि उजवे दोन्ही असल्यामुळे पुढचा वार कोणत्या बाजूने येईल याचा अंदाज थव्याला बांधता येत नाही. एकेकट्याची सवय पक्की आणि गट मात्र बेभरवशाचा, असा हा मेळ आहे.

उत्तर: म्हापसेवाचक

चर्चा अतिशय उत्तम चालली आहे. मला एक शंका विचाराविशी वाटते. शिकार करताना सेलफिश मुद्दाम सावकाश येतो असे आपणच सांगितले, मग त्या चित्रणातील वेग हा त्याचा कमाल वेग कसा मानायचा? आणि विजेच्या झटक्याने आखडणारा स्नायू जिवंत, घाबरलेल्या माशाइतके काम करतो, असे धरून चालणे योग्य आहे का?

उत्तर: मांडवीकाठ

आपली शंका योग्य आहे, आणि म्हणूनच ३० हा आकडा दगडावरची रेघ म्हणून लिहू नये. सेकंदाला ८.३ मीटर या सरासरीच्या आसपास सुमारे दीड मीटरचा फरक त्या अभ्यासातच नोंदलेला आहे. पण ११० ची शक्यता उरते का, याचे उत्तर आणखी एका दिशेने मिळते. पाण्यात एखादा पर फार वेगाने फिरला की त्याच्या मागे दाब एकदम घटतो, पाण्याचे वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते जोराने फुटतात. जहाजांच्या पंख्याची पाती अशा बुडबुड्यांनी झिजतात, हे मुरगावच्या गोदीत काम केलेल्या कोणालाही माहीत असेल. मासे आणि डॉल्फिन यांच्या वेगाला यामुळे मर्यादा पडते का, याचे गणित २००८ मध्ये दोन इस्रायली शास्त्रज्ञांनी मांडले, आणि पृष्ठभागाजवळ सेकंदाला १० ते १५ मीटरांच्या पुढे शेपटीला ही इजा होऊ लागेल असा निष्कर्ष काढला. म्हणजे ताशी ३६ ते ५४ किलोमीटर. तेव्हा प्रकल्पात ‘मोजलेला वेग ताशी सुमारे ३० किलोमीटर, आणि पाण्याच्या गुणधर्मांमुळे ताशी ५४ किलोमीटरच्या पुढे जाणे जवळजवळ अशक्य’ असे लिहावे, असे माझे मत आहे. हे विधान कोणीही तपासून पाहू शकतो.

आणखी एक गोष्ट मुलांना आवडेल. सेलफिशचे अंग समुद्राच्या पाण्याइतकेच थंड किंवा उबदार असते. ट्यूनासारखे तो आपले पोहण्याचे स्नायू उबदार ठेवू शकत नाही. पण सेलफिश, मार्लिन आणि तलवारमासा या सगळ्यांच्या डोळ्याला वळवणारा एक स्नायू बदलून उष्णता निर्माण करणारा अवयव बनलेला आहे, आणि तो मेंदू व डोळे उबदार ठेवतो. तलवारमाशात हे तापमान भोवतालच्या पाण्यापेक्षा १० ते १५ अंशांनी अधिक असू शकते. उबदार डोळ्याला जलद हालचाली अधिक स्पष्ट दिसतात, हे २००५ मध्ये तलवारमाशावरच दाखवले गेले. थव्यात एकाच माशावर नजर खिळवून ठेवणाऱ्याला याचे मोल किती असेल, हे वेगळे सांगायला नको.

रंगाबद्दल शापोरा जेटी यांनी लिहिले आहे, त्याला एक पुस्ती जोडते. पट्टेदार मार्लिन या सेलफिशच्या नात्यातल्या माशाचे ड्रोनमधून केलेले चित्रण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. थव्यावर वार करायला निघालेल्या मार्लिनचे पट्टे इतरांपेक्षा उजळ होतात आणि वार करून बाजूला झाला की लगेच मावळतात, असे त्यात दिसले. ‘आता माझी पाळी’ असे इतरांना कळावे म्हणून हे असू शकेल, असा संशोधकांचा तर्क आहे. तो अजून तर्कच आहे, असे मुलांनी स्पष्ट लिहावे.

उत्तर: शापोरा जेटी

मास्तरांचा गोव्याबद्दलचा प्रश्न राहिला आहे, तो मी घेतो. सेलफिश हिंदी महासागर, प्रशांत आणि अटलांटिक या तिन्ही महासागरांच्या उष्ण भागात आढळतो आणि अरबी समुद्रातही आहे. पूर्वी अटलांटिकमधील मासा वेगळ्या जातीचा मानत असत; आता बहुतेक अभ्यासक सगळ्यांना इस्टिओफोरस प्लॅटिप्टेरस या एकाच जातीत धरतात. तो किनाऱ्यालगत रापणीत मिळणारा मासा नव्हे, बाहेरच्या खोल पाण्यातला आहे. तो झपाट्याने वाढतो आणि पहिल्याच वर्षात एक मीटरहून अधिक लांब होतो.

अरबी समुद्राचे एक वैशिष्ट्य मुलांच्या प्रकल्पात यावे, असे मला वाटते. आपल्या या समुद्रात पृष्ठभागाखाली साधारण १५०-२०० मीटरपासून ते १००० मीटरपर्यंत प्राणवायू अत्यंत कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. जगातील अशा मोठ्या थरांपैकी तो एक आहे. पावसाळ्यात तसे पाणी किनाऱ्याजवळ उथळ भागातही वर येते, आणि त्यावर दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले आहे. सेलफिशला भरपूर प्राणवायू लागतो. तोंड उघडे ठेवून सतत पोहत राहिल्यानेच त्याच्या कल्ल्यांतून पुरेसे पाणी जाते. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडील उष्ण भागात अशा थराच्या वर सेलफिश आणि मार्लिन पृष्ठभागाजवळच्या पातळ पट्ट्यात कोंडले जातात, असे २००६ च्या एका अभ्यासात दाखवले आहे. आपल्याकडेही तसेच घडत असावे, असे मला वाटते. वरच्या पाण्यात भक्ष्य जवळ मिळते, पण गळ आणि जाळीही तिथेच असतात, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते.

मुलांना प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर सेलफिशची वाट पाहत बसू नये, कारण तो कधी येईल याचा नेम नसतो. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून ऑगस्टनंतर, नव्या हंगामात ताजी मासळी भरपूर येऊ लागली की म्हापशाच्या किंवा डिचोलीच्या बाजारातून एक बांगडा आणि एक सुरमई आणावी, म्हणजे आपल्याकडची इसवण. दोघांच्या शेपटीच्या बुडाशी मुलांना बोट फिरवू द्यावे. बांगड्याला प्रत्येक बाजूला दोन लहान कंगोरे लागतील. सुरमईला त्या दोघांच्या मध्ये तिसरा, मोठा कंगोरा लागेल. दोघांच्याही पाठीवर आणि पोटावर शेपटीकडे लहान-लहान सुट्या परांची रांग दिसेल, ती सेलफिशला नसते. मग बांगड्याचा पाठीवरचा पुढचा पर चिमटीत धरून उभा करावा आणि सोडावा. तो खोबणीत कसा मिटतो ते मुलांना दिसेल, आणि सेलफिशचे शीड कसे मिटते हे समजावून सांगायला तेवढे पुरे आहे. बांगडा सकाळच्या पहिल्या मासळीतला घ्यावा, म्हणजे पर ताठ असतात आणि फाटत नाहीत.